जुळ्यांपैकी एकाचेच दात का किडले?

जुळी मुलं असली की घरात आयताच एक प्रयोग चालू असतो. आमच्याकडे मुलगी काही मिनिटांनी मोठी, मुलगा धाकटा. वरचं खाणं दोघांना एकदमच सुरू केलं. पाणी एकाच नळाचं, टूथपेस्ट एकच, झोपायची वेळही एकच. तरी तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत मुलाचे वरचे पुढचे चारही दात किडले आणि मुलीच्या दातांना मात्र काहीही झालं नाही. त्यामुळे "चॉकलेटं फार देता वाटतं" असं कुणी म्हणालं की माझं डोकं तापायचं. चॉकलेट मिळालं तर दोघांना मिळतं, आणि मुलगी तर भावाच्या वाट्याचंही खाते.

सुरुवातीला मुलाच्या वरच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी रेघ दिसायची. दूध राहिलं असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसलं तरी ती जायची नाही. हळूहळू ती पिवळट झाली, मग तपकिरी, आणि एके दिवशी एका दाताचा कोपराच उडालेला दिसला. कुठे पडला-धडपडला नव्हता. छातीत घरघर होते म्हणून मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी घसा बघायला तोंड उघडायला लावलं आणि घशाऐवजी दातांकडेच बघत राहिले. लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली, वर सांगितलं, "एकट्याला नको, दोघांना घेऊन जा."

घरी सासूबाईंचं म्हणणं पडलं, "दुधाचे दात, पडायचेच आहेत की. एवढ्याशा पोराला कशाला त्या खुर्चीत बसवता?" नवऱ्यालाही आतून तेच वाटत होतं, फक्त तो बोलला नाही.

दातांच्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मुलांना हातही लावला नाही, आधी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. मला वाटलं नाव, वय, ॲलर्जी एवढंच असेल. पण प्रश्न भलतेच होते. मूल कितव्या आठवड्यात जन्मलं? वजन किती होतं? जन्मानंतर काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, श्वासासाठी नळी घातली होती का? रोजचं एखादं औषध चालू आहे का, आणि असेल तर ते गोड आहे का? दिवसभर मुलाला कोण सांभाळतं? रात्री झोपेत काही पितं का? आणि मग, "गेल्या वर्षभरात आईच्या किंवा वडिलांच्या दातात कीड निघाली का?" माझ्या दातांचा इथे काय संबंध, असं मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "सांगते, पण आधी भरा."

अमेरिकेतली बालदंतवैद्यांची संघटना सांगते की पहिला दात दिसल्यावर, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाला दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवावं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि डॉक्टरांनी त्यावरून बोलही लावला नाही. एवढ्या लवकर बोलावतात ते दात भरायला नसतं, हे तो फॉर्म भरताना कळलं. कीड व्हायच्या आधी ती कुठल्या मुलाला होण्याची शक्यता जास्त, हे ओळखायचं असतं. आमच्या घरात एकाच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती, दुसरीच्या बाबतीत अजून हातात होती.

तपासणी खुर्चीत झालीच नाही. डॉक्टर आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मुलगा माझ्याकडे तोंड करून मांडीवर बसला आणि मग त्याला मागे आडवं करून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर घेतलं. त्याला मी दिसत होते, हात माझ्या हातात होते. रडला, पण रडताना तोंड उघडंच असतं, त्यामुळे त्यांचं काम सोपं झालं. त्यांनी कापसाने दात कोरडा केला. ओल्या दातावर न दिसणारे पांढरे डाग कोरड्यावर एकदम उठून दिसले, तेही मागच्या दाढांवर, जिथे मला कधी काही दिसलंच नव्हतं. दातातली खनिजं निघून जायला लागली की आधी हा पांढरा डाग पडतो. खड्डा पडलेला नसेपर्यंत तो परतवता येतो, खड्डा पडला की नाही. मुलाच्या पुढच्या चार दातांत खड्डे झालेले होते, खालच्या दोन दाढांत सुरू होत होते. आणि खालचे पुढचे दात? एकदम ठणठणीत. बाटलीने दूध पिताना जीभ त्यांच्यावर येते, शिवाय जिभेखालच्या लाळग्रंथींची लाळ तिथेच सुटत असते. फक्त वरचेच पुढचे दात किडलेले असले की रात्रीच्या पिण्याचा संशय आधी येतो.

मग त्यांनी दोघांच्या दातांना रंगाचं औषध लावलं. दातांवर बसलेला जिवाणूंचा ताजा थर गुलाबी होतो, जुना साचलेला थर निळा-जांभळा. मुलीचे दात इकडे-तिकडे गुलाबी दिसले. मुलाच्या वरच्या दातांची हिरडीकडची कडा पूर्ण जांभळी. दोघांचे दात मीच घासते, त्याच ब्रशने नाही पण त्याच हाताने. फरक एवढाच की मुलगी तोंड उघडून उभी राहते आणि याचा वरचा ओठ इतका घट्ट असतो की ब्रश तिथे पोचतच नव्हता. शिवाय मुलीच्या पुढच्या दातांत छान फटी आहेत, याचे दात एकमेकांना चिकटून. दोन दातांमधल्या सांध्यात ब्रशचे केस जात नाहीत, तिथे धागाच लागतो, हे मला माहीत होतं, पण तीन वर्षांच्या मुलालाही तो लागतो हे नव्हतं.

पुढचं काम मला फार आवडलं. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे दोघांमध्ये सारखं काय, उजवीकडे वेगळं काय. म्हणाल्या, "तुमच्यासारखी तुलना आम्हाला रोज मिळत नाही."

सारखं बरंच निघालं. मुलांची टूथपेस्ट लहानांसाठीची म्हणून घेतलेली, खोक्यावर 'गिळली तरी चालेल' असं लिहिलेलं. बारीक अक्षरात बघितलं तर त्यात दात कडक करणारं फ्लोराइड नव्हतंच. पहिल्या दातापासून सुमारे १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट वापरावी, फक्त प्रमाण सांभाळावं: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. पण ती बदलायच्या आधी त्यांनी आमच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागवला. जमिनीखालच्या पाण्यात कुठेकुठे मुळातच फ्लोराइड जास्त असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलीग्रॅम आहे, त्यापुढे दातांवर डाग आणि फारच जास्त असेल तर हाडांचे त्रास सुरू होतात. आमचं पाणी मर्यादेच्या बरंच खाली निघालं. मला हे आवडलं की त्यांनी सरसकट सल्ला दिला नाही.

सारखं असलेलं दुसरं म्हणजे मी. कीड करणारे मुख्य जिवाणू, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात नसतात. ते घरातल्या माणसांच्या लाळेतून येतात, बहुतेकदा आईच्या. चमचा आधी स्वतःच्या ओठांना लावून गरम आहे का बघणं, घास अर्धा चावून देणं, तोंडातली चोखणी चाटून परत देणं, वाटा पुष्कळ आहेत. मी म्हटलं, मग काय पापेही घ्यायचे नाहीत का? त्या हसल्या. "मुलांना तोडून ठेवण्यापेक्षा तुमच्या तोंडातली कीड बरी करणं जास्त उपयोगाचं." फिनलंडमध्ये म्हणे बाळंतपणानंतर आयांना झायलिटॉलचं, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचं, च्युइंगगम चघळायला देऊन मुलांमधली कीड कमी होते का हे तपासलं होतं, आणि ती झाली होती. मला त्यांनी ते काही दिलं नाही, सरळ शेजारच्या खोलीत मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जुन्या सिमेंटखाली एक कीड आणि एक नवी, अशा दोन निघाल्या. दुखत नव्हतं म्हणून गेले नव्हते.

पण हे सगळं दोघांना सारखंच लागू. उजवी बाजू भरायला लागल्यावर मात्र मला माझाच मुलगा नव्याने कळायला लागला.

दोघं ३२ व्या आठवड्यात जन्मली. मुलगी १७०० ग्रॅमची, मुलगा १२५० ग्रॅमचा. तिला काचेच्या पेटीत थोडेच दिवस राहावं लागलं, त्याला बरेच, आणि सुरुवातीला श्वासाची नळी तोंडातून होती. दुधाच्या दातांचं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या आसपास बनायला लागतं आणि जन्मानंतर काही महिने बनत राहतं. म्हणजे जन्माची उलथापालथ दात बनण्याच्या अगदी मधोमध येते. प्रत्येकाच्या दुधाच्या दातात जन्माच्या वेळेची एक रेघ असते, सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मूल वेळेआधी, कमी वजनाचं, आजारी जन्मलं तर त्या वेळी बनणारं एनॅमल पातळ किंवा खडबडीत राहू शकतं. नळीचा दाब वरच्या पुढच्या हिरडीवर पडला तर तिथल्या दातावरही खूण राहते. मुलाच्या एका दातावर तसा खोलगट भाग होता, ज्याला आम्ही सगळे कीडच समजत होतो. मुळात दुधाच्या दातांचं एनॅमल कायमच्या दातांपेक्षा बरंच पातळ, त्यात हे. कीड आत पोचायला वेळ लागत नाही.

त्यानंतर दूध. मुलीने दीड वर्ष अंगावरचं दूध घेतलं, मुलाला ओढायची ताकद नव्हती, तो बाटलीवर वाढला. इथे सासूबाईंच्या एका मैत्रिणीचं ठाम मत होतं की रात्री अंगावर पाजलं की दात किडतात. आमच्याकडे नेमकं उलटं घडलेलं. डॉक्टरांनी समजावलं की पहिल्या वर्षभरात अंगावरचं दूध दातांना त्रास देत नाही, उलट संरक्षणच करतं. दोन वर्षांच्या पुढे, विशेषतः रात्री वारंवार पाजणं चालू राहिलं तर धोका वाढतो. ब्राझीलमधल्या पेलोतास शहरात मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात दोन वर्षं किंवा जास्त पाजलेल्या मुलांत कीड जास्त दिसली, एक ते दोन वर्षांदरम्यान थांबलेल्यांत नाही. आमच्या मुलीला दीड वर्ष पाजलं याबद्दल मला ऐकवणाऱ्या बायकांना हे सांगायचा मोह मी आवरला नाही.

बाटलीतलं साधं दूधसुद्धा एरवी एवढं वाईट नसतं. दुधातली साखर इतर साखरांपेक्षा कमी आम्ल करते आणि त्यात कॅल्शियमही असतं. पण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दात धुवायला काही उरत नाही आणि दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. आणि आमच्या मुलाच्या बाटलीत साधं दूध नव्हतंच. वजन वाढावं म्हणून सांगितलेली पावडर त्यात होती, आणि पावडरीच्या डब्यावरच्या यादीत साखर दुसऱ्या क्रमांकावर.

घरघरीची औषधंही उजव्या बाजूला गेली. तोंडावर मास्क लावून द्यायचा पंप, शिवाय दोन सिरप. पंपातल्या काही औषधांनी लाळ कमी होते, नाक चोंदलेलं असलं की मूल तोंडाने श्वास घेतं आणि दात कोरडे पडतात, ॲलर्जीच्या काही औषधांनीही तोंड सुकतं. सिरप साखरेतच बनवलेली असतात, आणि ती आम्ही द्यायचो कधी? दात घासून झाल्यावर, झोपायच्या आधी. कारण चिठ्ठीवर 'रात्री' लिहिलेलं. दम्यानेच दात किडले असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. संबंध दिसतो, पण तो औषधाचा किती, कोरड्या तोंडाचा किती आणि आजारी मुलाला जरा जास्त लाडाने काहीबाही देतात त्याचा किती, हे वेगळं करता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

सगळ्यात जड बाजू मात्र नोंदवहीने उघडी केली. तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, मुलाच्या तोंडात पाण्याशिवाय जे जाईल ते वेळेसकट लिहायचं. मुलीचंही. एका दिवसाचं पान माझ्याकडे अजून आहे. ६.४० बाटली, पावडर घातलेली. ७.३० सिरप. ८.१५ नाश्ता, पाऊण तास चालला, शेवटचा घास गालात. ९.३० बिस्कीट अर्धं. १०.१० उरलेलं अर्धं. ११.०० फळांचा रस, चोखून पिण्याच्या कपातून, बारापर्यंत हातात. १२.४५ जेवण. २.०० बाटली घेऊन झोप. असं करत रात्री १ च्या बाटलीपर्यंत. त्याच दिवशी मुलीचं पान अर्धंही भरलं नव्हतं. दिवसभरातली साखर मोजली असती तर कदाचित तिचीच जास्त भरली असती, कारण ती जेवणानंतर गोड हक्काने मागते आणि दोन मिनिटांत संपवते.

डॉक्टरांनी त्या पानाखाली पेन्सिलने एक वळणदार रेघ काढली. काहीही गोड किंवा पिठूळ तोंडात गेलं की जिवाणू काही मिनिटांत आम्ल बनवतात, तोंडातला सामू (पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधून खनिजं निघायला लागतात, आणि लाळेने तो परत वर यायला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त लागतो. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी हे मोजून दाखवलं, म्हणून त्या रेघेला त्यांचंच नाव आहे. मुलीची रेघ दिवसातून पाच-सहा वेळा खाली जाऊन वर येत होती, मधल्या तासांत खनिजं परत भरली जात होती. मुलाची रेघ वर यायच्या आत पुन्हा खाली.

स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या प्रयोगाचा त्यांनी नुसता उल्लेख केला, मी घरी येऊन वाचलं आणि अंगावर काटा आला. १९४० च्या दशकात तिथल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या देऊन दात किडवले होते. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढते, दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट गोडाने ती झपाट्याने वाढते, हे ज्ञान त्या बिचाऱ्यांच्या दातांवर उभं आहे. आज तसला प्रयोग कुणी करू शकणार नाही, आणि करूही नये.

आता पेच असा, की 'थोडं थोडं, पण दर दोन तासांनी' हे आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. वजनासाठी. ते चूक नव्हतं, कारण तेव्हा मुलाचं वजन खरंच काळजीचं होतं आणि दात उगवलेही नव्हते. पण दात आल्यावर ती सूचना कुणी परत उघडून पाहिली नाही. एका डॉक्टरांचा कागद एका फाइलमध्ये, दुसऱ्यांचा दुसऱ्या. मला वाटतं, आजारी किंवा अशक्त मुलांच्या बाबतीत ही सगळ्यात मोठी फट आहे, आणि तिच्याबद्दल 'चॉकलेट बंद करा' असं म्हणणारं कुणी बोलत नाही. दातांच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांचं बोलणं मी ऐकत होते. ठरलं ते असं: दिवसातून पाच वेळा खाणं, मध्ये फक्त पाणी. प्रत्येक खाण्यात लोणी, अंडं, चीज, शेंगदाण्याचं कूट, असलं ताकदीचं काहीतरी. पावडर फक्त जेवणाबरोबर. रस बंद, फळ आख्खं. (अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना एक वर्षाखाली रस देऊच नका म्हणते आणि एक ते तीन वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलीलिटर. आमच्याकडे तो चोखायचा कप दिवसभर हातात असायचा.) एका सिरपऐवजी बिनसाखरेचं मिळालं. दुसऱ्याला पर्याय नव्हता, तर ते झोपेच्या वेळेऐवजी संध्याकाळच्या जेवणाबरोबर द्यायचं. पंपानंतर दोन घोट पाणी आणि तोंड पुसणं. वजन दर महिन्याला बघायचं, आणि काटा खाली जायला लागला तर सगळं परत मांडायचं.

रात्रीची बाटली सोडवणं हा स्वतंत्र छळ होता. दुधात रोज थोडं जास्त पाणी, शेवटी नुसतं पाणी. त्याला पहिल्याच दिवशी कळलं. बाटली फेकायचा. नवऱ्याने रात्रपाळी घेतली, कारण मला बघितलं की मुलगा जास्त रडायचा. मुलगी उठून बसायची आणि "त्याला दूध द्या ना" म्हणून आम्हालाच रागवायची. पुढे कधीतरी तो रात्रभर झोपला आणि सकाळी नाश्ता स्वतः मागितला, जे त्याने आधी कधी केलं नव्हतं. वजनाचा आलेख खाली आला नाही.

झालेल्या किडीचं काय करायचं, हा वेगळा विषय. एक रस्ता होता पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळे दात दुरुस्त करायचा, पुढच्या दातांना पांढऱ्या कॅप. दिसायला ते उत्तम. पण आमचा मुलगा अपुऱ्या दिवसांचा, छातीत घरघर असलेला. शिवाय २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, तीन वर्षांखालच्या मुलांना दीर्घ किंवा वारंवार भूल देण्याबद्दल इशारा दिलेला आहे. एकदाच, थोड्या वेळाच्या भुलेला तो लागू होत नाही असं डॉक्टर म्हणाल्या, आणि गरज असती तर त्यांनी तेच सुचवलं असतं. दुसरा रस्ता म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ३८ टक्क्यांचं द्रावण, थेंबभर, किडलेल्या जागी ब्रशने लावायचं. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड उरलेला भाग कडक करतं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. फक्त किडलेला भाग कायमचा काळा होतो.

संमतीपत्रावर आधीच्या रुग्णांचे फोटो होते, पुढचे चार दात काळेकुट्ट. मी बराच वेळ सही केली नाही. मुलाचं हसणं घरातल्या सगळ्यांना आठवतं, फोटोत येतं. नवरा म्हणाला, "तपकिरी आहेतच की." त्याचं बरोबर होतं. लावायला फारच थोडा वेळ लागला. मुलाने "लोखंड" असं म्हणून तोंड वाकडं केलं. ओठाखाली एक थेंब सांडला होता, तो डाग चारेक दिवस राहिला. दात काळे झाले आणि नखाने खरवडल्यावर जिथे भुसभुशीत लागायचं तिथे कडक लागायला लागलं.

खालच्या दोन दाढांना स्टीलच्या कॅप बसवल्या, त्याही न कोरता. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते: कीड काढायची नाही, तिच्यावर सिमेंट भरलेली कॅप घट्ट दाबून बसवायची, आतल्या जिवाणूंचं अन्न तोडलं की कीड थांबते. आधी काही दिवस दाढांच्या मध्ये रबरी चकत्या घालून जागा करून घेतली. कॅप बसल्यावर चावताना तोंड पूर्ण मिटत नव्हतं, मला धसका बसला, पण सांगितल्याप्रमाणे काही आठवड्यांत बसलं. मुलगा आरशात बघून स्वतःला रोबो म्हणवतो.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच खुर्चीत मिळालं, कारण दाढांच्या वेळी त्या सोबत आल्या होत्या. पुढचे दात सहा-सात वर्षांत पडतात, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. पू झाला तर तो खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातापर्यंत पोचतो. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि नव्याला जागा राहत नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग हे आधी सांगायचं." आता संध्याकाळी धाग्याने दाढा साफ करायचं काम त्यांच्याकडे आहे, आणि त्या ते माझ्यापेक्षा बारकाईने करतात. मी आता मुलाचा ओठ बोटाने वर उचलून घासते. पेस्ट थुंकायची, नंतर चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं.

दोघांनाही फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातांवर ब्रशने लावायचा फ्लोराइडचा लेप, लावतात. ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम, पण इतकं थोडं की काळजी नाही. लाळेशी भिडलं की घट्ट होतं, दात दिवसभर पिवळट दिसतात, त्या रात्री घासायचं नाही.

अलीकडे फॉर्म पुन्हा भरला. मुलाचं खाणं, औषधं, रात्र, सगळ्या रकान्यांत सुधारणा. तरी वर्ग 'जास्त धोका' हाच. मला पटेना. डॉक्टर म्हणाल्या, पुढे कीड होईल का याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज आधी झालेल्या किडीवरूनच बांधता येतो, आणि दुधाच्या दातांत ती झालेल्या मुलांना कायमच्या दातांतही जास्त होते. नवा डाग न येता बराच काळ गेला तर वर्ग बदलतील. मुलगी 'मध्यम'मध्ये आहे, स्वतःचा एकही दात किडलेला नसताना, कारण भाऊ आणि आई. माझे दोन दात आता भरून झालेत, पुढच्या वेळी तिचा रकाना बदलायला हवा.

त्यामुळे त्याला दर तीन महिन्यांनी बोलावतात, तिला सहा महिन्यांनी. हा अन्याय आहे असं तिचं मत आहे, कारण तिथे रंगीत स्टिकर मिळतो. आणि फाइलवर डॉक्टरांनी आत्ताच लिहून ठेवलंय: साडेपाच वर्षांपासून शेवटच्या दाढेच्या मागे बोट फिरवून बघत जा. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास तिथे येते, तिच्यासाठी दुधाचा कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ती दिसली की दोघांच्याही दाढांच्या खाचा भरून घ्यायच्या, मुलाच्या आधी.